पुण्यातल्या बाल्कनीत देशी ऑर्किड्स : कोणती टिकतात, कशी लावायची?

बाल्कनीकर
नर्सरीतल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचा कंटाळा आलाय. फुलं असेपर्यंत कौतुक, नंतर कुंडी कोपऱ्यात. त्यापेक्षा सह्याद्रीतली, आपल्याच हवेत वाढणारी ऑर्किड्स लावावीत असा विचार आहे. आमरी, सीतेची वेणी, ती पांढरी छोटी डेंड्रोबियम वगैरे.

जागा अशी: कोथरूड, तिसरा मजला. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळी साडेसात ते साडेदहा ऊन येतं. पश्चिमेची बाल्कनी लहान आहे आणि दुपारी भट्टी होते. खाली सोसायटीच्या आवारात जुना आंबा आहे, कमिटीची परवानगी मिळेल. पाणी महापालिकेचं, एप्रिल-मेमध्ये टँकर.

त्यातली खरोखर काटक कोणती? कुंडी की ओंडका? आणि पुण्याच्या मे महिन्यात ती जगतात का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सदाशिवपेठी
काटक म्हणजे लक्ष न देता जगणारं हवं असेल तर प्लास्टिकचं घ्या. दसऱ्याला एकदा पुसायचं, झालं. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

मुळाक्षर
जागा नीट सांगितलीत हे बरं झालं. त्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नसतं.

पश्चिमेच्या भट्टीत दोनच नावं घ्या: व्हॅन्डा टेसेलाटा आणि अकॅम्पे प्रिमॉर्सा. व्हॅन्डा टेसेलाटा घाटाबाहेर कोरड्या पठारी भागातही आंब्या-बाभळीवर वाढते. पिवळट-तपकिरी, जाळीदार नक्षीच्या पाकळ्या, निळसर-जांभळी जीभ आणि छान वास. अकॅम्पेचं फूल लहान, पिवळ्यावर तांबडे पट्टे. देखणं म्हणणार नाही, पण झाड मरता मरत नाही. दोघांनाही १५ मार्च ते पाऊस पडेपर्यंत ५० टक्क्यांची हिरवी जाळी लागेल, बाकी वर्षभर नको.

पूर्वेला एरिडिस मॅक्युलोसा (आमरी), तिची थोरली बहीण एरिडिस क्रिस्पा आणि रिंकोस्टायलिस रेटुसा, म्हणजे सीतेची वेणी. तिघींचा बहर मेअखेरपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत. आसामचं राज्यफूल 'कोपौ' म्हणतात ते हेच रिंकोस्टायलिस. त्यामुळे 'ते तर ईशान्येचं झाड' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आपल्या घाटातही ते मूळचंच आहे.

तुम्ही म्हणता ती पांढरी छोटी बहुधा डेंड्रोबियम बार्बेट्युलम. तिच्या जोडीला पिवळसर फुलांची डेंड्रोबियम ओव्हेटम घ्या. दोन्ही पश्चिम घाटाबाहेर सापडत नाहीत. पावसाळ्यात वाढतात, नंतर पानं गाळतात आणि बिनपानांच्या काडीवर फुलतात: ओव्हेटम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, बार्बेट्युलम जानेवारी ते मार्च.

आता मे महिन्याबद्दल. ही झाडं उन्हाने क्वचित मरतात, मुळं गुदमरून मरतात. मुळांवर व्हेलामेन नावाचं सच्छिद्र आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, भिजलं की काही क्षणांत आतला हिरवा रंग दिसू लागतो. सगळं मूळ हिरवं झालं की पाणी पुरे, पुन्हा रुपेरी होईपर्यंत पाणी नाही. ज्या माध्यमात मूळ दोन-तीन दिवस हिरवंच राहतं ते माध्यम चुकीचं. बाकी सगळं याच्यावरून ठरतं.

नवखी
वाखूसा (वाचनखूण साठवली).

रानवारा
मुळाक्षर यांना मोदक (म्हणजे शाबासकी). ओंडक्याची कृती मी देते.

लाकूड: आंबा, जांभूळ, ऐन, साग. साल खडबडीत आणि घट्ट हवी. निलगिरीची साल सोलून पडते, सुबाभूळ लवकर कुजतं, दोन्ही नकोत. जाडी ८ ते १० सेंमी, लांबी ३० ते ४५. ताजं लाकूड महिनाभर सावलीत वाळू द्या, मग तारेच्या ब्रशने सैल साल काढा, रात्रभर पाण्यात बुडवा. वरच्या टोकाला गॅल्वनाइज्ड तारेचा आकडा. तांब्याची तार अजिबात नको, ऑर्किडला तांबं सोसत नाही.

बांधणी: जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. झाडाचा बुंधा लाकडाला चिकटवून मुळं पसरा, दोन ठिकाणी पट्टी बांधा. झाड हललं की नव्या मुळाचं टोक लाकडावर घासून जातं आणि तिथेच थांबतं, म्हणून पट्टी घट्ट हवी. पण मुळाच्या टोकावरून पट्टी न्यायची नाही. सुती दोरा पावसाळ्यात मुळं धरायच्या आतच कुजतो.

व्हॅन्डा, एरिडिस, सीतेची वेणी यांना बांधताना शेंडा सरळ आभाळाकडे ठेवू नका, बाहेर आणि थोडा खाली झुकवा. रानात त्या फांदीवरून अशाच लोंबतात. म्हणजे पोंग्यात (शेंड्याच्या पानांच्या सुरळीत) पाणी साचत नाही.

वेळ: जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै. त्याहून चांगली खूण म्हणजे मुळं. पांढऱ्या मुळाच्या टोकाला एखादा सेंटिमीटर चकचकीत हिरवं किंवा जांभळट टोक दिसलं की मूळ चालू आहे, तेव्हाच बांधा. टोक पांढरं बंद झालेलं असेल तर दोन महिने काही होणार नाही, झाड फक्त सुकत बसेल.

कुंडीबहाद्दर
ओंडक्याचा आग्रह कळतो, पण तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या वाऱ्यात ओंडका मार्च ते मे दिवसातून दोनदा भिजवावा लागतो. नोकरी करणाऱ्या माणसाला ते जमतं का? त्यापेक्षा मातीची कुंडी.

१२ सेंमी व्यासाची साधी कुंडी घ्या. बाजूला सहा-आठ भोकं पाडा. कुंडी दोन तास पाण्यात भिजवून ठेवा, ६ मिमीचं मेसनरी बिट, ड्रिलचा हॅमर मोड बंद, सावकाश. हॅमर चालू राहिला तर कुंडीचे दोन तुकडे ठरलेले.

भरण: खाली एक तृतीयांश विटांचे तुकडे, वर लोणारी कोळसा, तुकडे २ ते ३ सेंमी. कोळसा धुऊन रात्रभर भिजवा. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या चालत नाहीत, त्यात बांधणीची भर असते. माती एक चिमूटभरही नाही. झाडाचा बुंधा कोळशाच्या वर राहिला पाहिजे, पुरायचा नाही. टेकू म्हणून बांबूची काडी.

मुळाक्षर
व्हॅन्डा-एरिडिससाठी मान्य. लाकडी पट्ट्यांची टोपली आणि त्यात नुसता कोळसा, तेही छान चालतं. पण बार्बेट्युलम कुंडीत घालू नका. काड्या बोटाएवढ्या, मुळं बारीक, हिवाळ्यात तिला कोरडं राहायचं असतं. कुंडीत मधला भाग वरून दिसतो त्यापेक्षा ओला राहतो आणि तळातून कूज सुरू होते.

कुंडीबहाद्दर
बार्बेट्युलमपुरतं मान्य. पण नर्सरीवाले नारळाच्या काथ्याच्या तुकड्यांत देतात त्याचं काय करायचं, तेही सांगून टाका. लोक तसंच ठेवतात.

क्षारपड
काथ्याचं मी सांगतो, कारण तो शेवटी पाण्याचाच प्रश्न आहे. काथ्यात मीठ असतं. वापरायचाच तर तीन वेळा पाणी बदलून प्रत्येक वेळी रात्रभर भिजवा. पावसाळ्यात मात्र तो आठवडाभर ओला राहतो, म्हणून जूनमध्ये नवी मुळं दिसली की काथ्या काढून कोळशात हलवा. मुळांना चिकटलेले तुकडे ओढू नका, राहू द्या.

आता बाल्कनीकरांचं पाणी. धरणाचं पाणी मऊ असतं, त्याची चिंता नाही. चिंता टँकरची, कारण तो बहुतेक वेळा बोअरचा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये मोजणारा) विकत घ्या, स्वस्त असतो. १५० च्या आत उत्तम, ३०० पर्यंत चालवून घेता येतं, ५०० च्या वर देऊ नका. जड पाण्याची लक्षणं ठरलेली: पानांवर पांढरे डाग, कोळशावर पांढरी पापुद्री, मुळांची टोकं काळी पडून थांबणं. नेमकं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त पाणी लागतं तेव्हाच, हे होतं.

उपाय: आरओचं शुद्ध पाणी थोडं मिसळा. आरओतून बाहेर टाकलेलं पाणी मात्र चुकूनही नाही, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. एसीचं ठिबकणारं पाणी जवळजवळ बिनक्षाराचं असतं, स्वच्छ बादलीत धरलं तर चालतं. पावसाचं पाणी झाकून साठवता आलं तर उत्तमच.

सदाशिवपेठी
म्हणजे आमच्या घरात चहाला बोअरचं आणि झाडाला आरओचं. प्रगती आहे.

नवखी
एक शंका. लोणावळा-ताम्हिणीच्या रस्त्याला पावसाळ्यात लोक ऑर्किडचे जुडगे विकायला बसतात. स्वस्त असतात. ती घेतली तर?

घाटवाट
घेऊ नयेत. कारण दोन आहेत आणि दोन्ही पुरेशी आहेत.

पहिले कायद्याचे. राखीव वनातून वनस्पती काढणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव अधिनियम लागतो. भीमाशंकर काय, कोयना काय, तिथून एक पानही हलवायचे नाही. 

दुसरे व्यवहाराचे. जुडग्यातल्या झाडाची मुळे सालीवरून ओरबाडलेली असतात. ऑर्किडचे जुने मूळ एकदा सुटले की नव्या आधाराला पुन्हा चिकटत नाही, चिकटते ते नवीन मूळ. म्हणजे झाडाला साठ्यावर जगत नवी मुळे काढावी लागतात आणि त्यातली बरीच पहिल्या उन्हाळ्यात जातात. मग माणूस पुढच्या पावसात पुन्हा जुडगा घेतो. एकेका झाडाला रानात फुलण्याएवढे व्हायला कित्येक वर्षे लागलेली असतात.

वाढवलेले झाड ओळखायचे कसे? प्रयोगशाळेतून आलेली रोपे एकसारख्या मापाची, पाने स्वच्छ, मुळे कुंडीतल्या माध्यमात गुंडाळलेली. रानातून काढलेल्यांची पाने खरचटलेली, पानांवर दगडफुलाचे ठिपके, मुळांना सालीचे तुकडे, प्रत्येक झाडाचे वय वेगळे. रोपे कुठून आणली, हे विक्रेत्याला सरळ विचारा. उडवाउडवी झाली तर पुढे चला. दुसरा मार्ग देवाणघेवाणीचा. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात झाडे वाढवणारे लोक भेटतात, तिथे ओळखी करा.

पाटलांचा_मळा
घाटवाट, स्वतःच्या मालकीच्या आंब्याची फांदी मोडून पडली आणि तिच्यावर व्हॅन्डा असेल तर?

घाटवाट
स्वतःच्या जमिनीवरच्या झाडाबाबत वरची अडचण नाही. उपटू मात्र नका. फांदीचा तेवढा तुकडा करवतीने दोन्ही बाजूंनी बोटभर सोडून कापा आणि तुकड्यासकट नव्या जागी बांधा. ज्या बाजूला उजेड होता ती बाजू उजेडाकडेच ठेवा. लाकूड आतून पोखरलेले असले तरी चालेल, ते कुजेपर्यंत नवी मुळे पलीकडे गेलेली असतात.

शेवंती_काकू
आमच्या सोसायटीतला माळी आंब्यावरची सगळी बांडगुळं काढतो म्हणून वर चढतो आणि ऑर्किडही खरवडून खाली टाकतो. बाल्कनीकर, तू आंब्यावर लावणार असशील तर आधी त्याला समजाव बाबा. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस ओढतं, त्याचा सांधा फुगलेला असतो आणि ते झुडपासारखं फांदीतूनच उगवल्यासारखं दिसतं. ऑर्किडची मुळं सालीवरून नुसती पसरलेली असतात, आत जात नाहीत. आंब्याचं काही नुकसान नाही.

आणि रंगवणाऱ्यांनाही सांग. दिवाळीच्या आधी बुंध्याला गेरू-चुना लावतात ना, त्याच्या रेषेच्या वर लाव.

बाल्कनीकर
काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. आंब्यावर किती उंचीवर आणि कोणत्या बाजूला?

मुळाक्षर
खोडाच्या पूर्वेला किंवा ईशान्येला, ६ ते ७ फुटांवर. त्याहून खाली धूळ, मुलं आणि गोगलगायी. त्याहून वर तुमचा पाइप पोचत नाही. जाड आडवी फांदी फुटते तो बेचका सगळ्यात चांगला, पण बेचक्याच्या खोलगटात नाही, बाजूच्या उतारावर. पहिले दोन पावसाळे काळजी घ्या. मुळं सालीवर वीतभर पसरली की पावसाळ्यात काही करावं लागत नाही, उन्हाळ्यात एक दिवसाआड सकाळी पाइप मारायचा.

आंब्यावर फवारणी होते का ते विचारा. भुरीसाठी गंधक, करप्यासाठी बोर्डो. बोर्डोत मोरचूद असतं, म्हणजे तांबंच. डेंड्रोबियमवर ते पडू देऊ नका, फवारणीच्या दिवशी प्लास्टिकची पिशवी घाला आणि दोन तासांनी काढा.

सदाशिवपेठी
पिशवी घातलेलं ऑर्किड बघून कमिटी म्हणेल, हे आधीच मतदानाला निघालंय.

रानवारा
:))

गच्चीवरचा_माळी
खताचं कुणीच बोललं नाही. जीवामृत आठवड्यातून एकदा फवारा, कशाला रासायनिक हवं?

क्षारपड
इथे असहमत. जमिनीत जीवामृत ठीक, कारण तिथे ते पचवायला माती आहे. ओंडक्यावर माती नाही. चोथा व्हेलामेनवर बसतो, छिद्रं बुजतात, चिलटं येतात आणि पावसाळ्यात कूज. ऑर्किडला लगेच विरघळलेलं आणि अगदी पातळ अन्न लागतं.

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), लिटरला अर्धा ग्रॅम. वजनकाटा नसेल तर चहाचा पाव चमचा दोन-अडीच लिटरला. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मग खत. कोरड्या मुळावर खत टाकलं तर टोक जळतं. ऑक्टोबरमध्ये बंद. व्हॅन्डा-एरिडिसला फेब्रुवारीपासून पुन्हा महिन्यातून दोनदा सुरू करता येतं, डेंड्रोबियमला नवीन कोंब दिसल्याशिवाय नाही.

गच्चीवरचा_माळी
गाळून दिलं तर?

क्षारपड
दुहेरी कापडातून गाळून, वीसपट पातळ करून, फक्त आंब्यावरच्या झाडांना आणि फक्त पावसाळ्यात. बाल्कनीत नको, शेजारी तक्रार करतील ते वेगळंच.

अनंताचे_फूल
माझ्याकडची डेंड्रोबियम ओव्हेटम फुलतच नाही. काडीच्या गाठींवर फुलांऐवजी छोटी रोपं येतात. झाड तर हिरवंगार आहे.

मुळाक्षर
हिरवंगार आहे हाच रोग आहे. :) डिसेंबरमध्ये पाणी किती देता?

अनंताचे_फूल
रोज सकाळी फवारा, बाकी सगळ्यांना देते तसंच.

मुळाक्षर
तेच कारण. पाऊस गेला की या डेंड्रोबियमला विश्रांती हवी. पुण्यात ती आपोआप मिळते: ऑक्टोबरनंतर कोरडी हवा, रात्री १० ते १२ अंशांपर्यंत उतरणारं तापमान, दिवसा लख्ख उजेड. आपण पाणी आणि नत्र देत राहिलो की झाडाला वाटतं पाऊस चालूच आहे, आणि गाठीवरचा डोळा कळी न धरता रोप धरतो.

पानं पिवळी पडायला लागली की खत बंद, पाणी हळूहळू कमी. पानं गळल्यावर ओंडक्यावर चार-पाच दिवसांतून एकदा सकाळी हलका फवारा. काड्यांवर बारीक सुरकुत्या येऊ द्या. अगदी पिचल्या, चपट्या झाल्या तर एकदा नीट भिजवा. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की पाणी थोडं वाढवा. नव्या कोंबाला स्वतःची मुळं फुटेपर्यंत भरपूर पाणी नाही.

आणि ती छोटी रोपं फेकू नका. मुळं ३ सेंमीची झाली की जूनमध्ये काडीच्या तुकड्यासकट कापून दुसऱ्या ओंडक्यावर बांधा. ब्लेड आधी गॅसवर लाल करा, एका झाडाचा विषाणू दुसऱ्यात जायला तेवढं एक पातं पुरतं. मोठं झाड विभागायचं असेल तर प्रत्येक भागात किमान तीन-चार काड्या ठेवा.

नवखी
व्हॅन्डालाही अशीच विश्रांती द्यायची का?

मुळाक्षर
नाही. व्हॅन्डा, एरिडिस, सीतेची वेणी यांच्याकडे फुगीर काड्या नाहीत, साठा फक्त पानांत आणि मुळांत. हिवाळ्यात एक दिवसाआड सकाळी पाणी, संध्याकाळी नाही. ती फुलत नसतील तर नव्वद टक्के वेळा कारण उजेड. गर्द हिरवी, लांब, लोळणारी पानं म्हणजे अंधार. पोपटी, आखूड, ताठ पानं म्हणजे बरोबर. लालसर ठिपके आले तर ऊन कडेला पोचलंय, आणि मधोमध पांढरट-तपकिरी चट्टा म्हणजे भाजलं. चट्टा भरून येत नाही, पण पसरतही नाही. पान कापू नका.

पाटलांचा_मळा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कुंडीबहाद्दर
पाटील, काय लिहिलं होतं? आता सगळ्यांना तेच वाचायचंय.

पाटलांचा_मळा
काही नाही, व्हॅन्डाचा काढा संधिवाताला देतात असं लिहिलं होतं. घाटवाट येऊन रागावतील म्हणून काढलं.

घाटवाट
रागावत नाही, माहिती देतो. व्हॅन्डा टेसेलाटाला बंगालात रास्ना (संधिवाताचे औषध) म्हणून वापरतात. आपल्याकडच्या वैद्यांची रास्ना म्हणजे प्लूचिया लान्सिओलाटा, निराळ्या कुळातली वनस्पती. दक्षिणेत तर कुलिंजनच रास्ना म्हणून चालते. तेव्हा बाल्कनीतली उकळून कुणाचे गुडघे बरे करू नका.

शेवंती_काकू
गुडघे आमचे, काळजी तुम्हाला. बरं, पावसाळ्यात पोंगा कुजतो त्यावर काही सांगा.

रानवारा
काकू, पहिलं लक्षण पानाच्या बुडाशी दिसतं. पाणचट, तेलकट डाग, एका रात्रीत काळा होतो, पान ओढलं तर अलगद हातात येतं. ही फायटोफ्थोरा किंवा पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूंची लागण. झाड लगेच पावसातून आत, पंख्याच्या वाऱ्यात. काळा भाग दिसतोय त्याच्या खाली निरोगी हिरव्या भागापर्यंत कापा. कापल्या जागी दालचिनीची पूड, पण मुळांवर ती पडू देऊ नका, मूळ वाळवून टाकते. मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब ही बुरशीनाशकं एकत्र मिळतात ती लिटरला २ ग्रॅम, हातमोजे घालून, शेजारच्या झाडांवरही. तीन दिवस पाणी नाही. शेंडा गेला तरी टाकून देऊ नका, खाली मुळं जिवंत असतील तर बाजूने फुटवा येतो.

मुख्य म्हणजे हे होऊ न देणं. झाडं एकमेकांना चिकटून टांगू नका, वीतभर अंतर ठेवा. छपराची वळचण ज्या जागी ठिबकते, तिथे बरोबर पोंगा येतो असं नेहमी होतं, ती जागा सोडा.

क्षारपड
पावसाबद्दल भर. पुण्याच्या पावसाला घाबरून झाडं आत ओढू नका. वर्षाचा सगळा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, घाटमाथ्याच्या मानाने काहीच नाही. ओंडक्यावरची झाडं उघड्या पावसात राहू द्या, कुंड्या मात्र छपराखाली. आणि उघडीप विसरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस थांबून कडक ऊन पडतं, तेव्हा 'पावसाळा आहे' म्हणून कुणी पाणी घालत नाही आणि नुकतीच फुटलेली मुळं वाळतात.

नवखी
उन्हाळ्यात आर्द्रतेसाठी खाली खडी-पाण्याचा ट्रे ठेवा असं सगळीकडे वाचलंय.

कुंडीबहाद्दर
वारा असलेल्या बाल्कनीत त्याचा काही उपयोग नाही. वाफ वर झाडापर्यंत पोचायच्या आत शेजारच्या बाल्कनीत जाते. त्यापेक्षा फरशीवर आणि भिंतीवर संध्याकाळी पाणी मारा, पश्चिमेला गोणपाट ओला करून टांगा, झाडांच्या पुढे फर्न, मनीप्लांटच्या कुंड्या लावा. ट्रेमधून डास मात्र हमखास मिळतील.

रानवारा
मंगलोरी कौलांचं राहिलं. लाकूड मिळत नसेल तर जुनं कौल घ्या, पन्हळीच्या बाजूला झाड बांधा. कौल पाणी शोषून हळूहळू सोडतं, वाळवी लागत नाही, कुजत नाही. सीतेची वेणी आणि अकॅम्पे त्यावर छान धरतात. फक्त पश्चिमेला नको, तापलं की मुळं भाजतात.

गच्चीवरचा_माळी
जमिनीतली ऑर्किड्स कुणी लावतं का? कासच्या पठारावर असतात तशी पांढरी हॅबेनेरिया.

घाटवाट
हॅबेनेरिया घरी न लावलेल्याच बऱ्या. पहिल्या पावसाबरोबर उगवतात, दोन-तीन महिन्यांत फुलून बी धरून कंदात परततात आणि पुढच्या जूनपर्यंत जमिनीखाली. त्यांना जमिनीतल्या ठरावीक बुरशीची सोबत लागते. कुंडीत पहिल्या वर्षी कंदातल्या साठ्यावर फूल येते, माणूस खूष होतो, दुसऱ्या वर्षी कंद निम्मा, तिसऱ्या वर्षी कुंडी रिकामी. शिवाय कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथला कंद आणणे हा विषयच नाही.

जमिनीतलेच हवे तर वाढवलेली युलोफिया घ्या. जाड कंद असतो, निचऱ्याची माती सोसते. दोन भाग जाड वाळू, एक भाग पानांचे खत, एक भाग विटांचा चुरा. पाने वाळली की कुंडी पूर्ण कोरडी, पावसाच्या पाण्यापासून लांब, नवा कोंब दिसेपर्यंत थेंबही नाही.

अनंताचे_फूल
सीतेच्या वेणीला शेंगा धरल्यात. बी पेरता येईल?

घाटवाट
एका शेंगेत धुळीसारखे असंख्य बी असते आणि त्यात अन्नसाठा जवळजवळ शून्य. रानात बुरशीने अन्न पुरवले तरच रुजते. बुरशीशिवाय साखर घातलेल्या माध्यमावर ते उगवते हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवले, प्रयोगशाळेत बियांपासून केलेली रोपे त्याच वाटेने येतात. घरी निर्जंतुक पेटीशिवाय बाटलीत फक्त बुरशी वाढेल. एक-दोन शेंगा ठेवून बाकीच्या कापा, शेंग पोसायला झाडाची पुढच्या वर्षाची ताकद जाते. ठेवलेल्या फुटल्या की बी आंब्याच्या ओल्या सालीवर, जुन्या झाडाच्या मुळांजवळ झटका. आशा धरू नका, खर्चही नाही.

शेवंती_काकू
कीड?

क्षारपड
थोडक्यात. पानामागे तपकिरी खवले: मऊ टूथब्रश, साबणाचं पाणी, दहा दिवसांनी पुन्हा. मुंग्या दिसल्या तर खवले किंवा पिठ्या ढेकूण आहेच असं समजा. एप्रिल-मेमध्ये पानाखाली रुपेरी ठिपके म्हणजे लाल कोळी, पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तोही सकाळी. निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि द्रव साबण १ मिली, सूर्यास्तानंतरच, उन्हात पानं भाजतात. गोगलगायी मुळांची हिरवी टोकं रात्रीत खातात. आंब्याच्या बुंध्याशी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट ठेवा, सकाळी खाली जमलेल्या उचला. मीठ त्यांच्यावर टाकायचं तर बादलीत टाका, झाडाजवळ नाही.

सदाशिवपेठी
कबुतरं राहिली. पुण्यातली सगळ्यात काटक देशी जात तीच. टांगलेला ओंडका म्हणजे त्यांच्या दृष्टीने बिनभाड्याचा झोपाळा.

रानवारा
हसू नका, खरा त्रास आहे. विष्ठेतल्या क्षारांनी पानं जळतात आणि पोंग्यात पडली की कूज. ओंडका आडवा न टांगता उभा टांगा, वरचं टोक तिरकं कापा म्हणजे बसायला जागा राहत नाही. बाल्कनीला जाळी असेल तर प्रश्नच मिटला, त्या जाळीने उजेड फारसा कमी होत नाही.

बाल्कनीकर
सगळ्यांचे आभार, वही भरली. मी असं ठरवतोय: पश्चिमेला टोपलीत व्हॅन्डा टेसेलाटा, पूर्वेला कौलावर सीतेची वेणी आणि ओंडक्यावर ओव्हेटम, आंब्यावर एरिडिस मॅक्युलोसा. चूक असेल तर सांगा. आणि दिवाळीत दहा दिवस गावाला जातो, तेव्हा काय?

मुळाक्षर
यादी बरोबर. फक्त आंब्यावरची एरिडिस पहिल्या वर्षी ओंडक्यावर वाढवा आणि पुढच्या जूनमध्ये मुळं चालू झाल्यावर ओंडक्यासकट झाडाला बांधा, म्हणजे धरेपर्यंत ती तुमच्या नजरेसमोर राहील.

दिवाळीत ओव्हेटम तशीच सोडा, तिची तेव्हा पानं गळत असतात. व्हॅन्डा आणि सीतेची वेणी निघायच्या दिवशी बादलीत २० मिनिटं बुडवा, पोंग्यातलं पाणी झटकून टाका आणि पूर्वेच्या बाल्कनीत ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात टांगा. परत आल्यावर पानं थोडी मऊ लागतील, दोन दिवस सकाळी अशीच बुडवलीत की ताठ होतात. शेजाऱ्यांना 'पाणी घाला' म्हणून किल्ली देऊ नका. ते प्रेमाने रोज घालतात.

शेवंती_काकू
आणि टोपलीचा आकडा स्लॅबच्या हुकाला अडकव, कपड्याच्या दांडीला नाही. ओला कोळसा जड होतो.